स्वमग्न बालक आणि विशेष शाळेतील जागा

(शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात एका विशेष शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मला कळविण्यात आला तेव्हा तो ‘विशेष बालकांच्या समस्या’ असा होता. समस्या हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्याच्या आडोशाने वक्त्याला तासभर काहीही बोलता येते. यास्तव मी त्यांतील एकच बाब निवडली आहे. आपल्या गावातील एखाद्या स्वमग्न मुलास विशेष शाळेत जागा हवी असेल, तर ती कशी मिळते आणि कशामुळे हातची जाते, एवढेच मी आज सांगणार आहे. गेली बावीस वर्षे मी विशेष शिक्षिका म्हणून काम करीत आले आहे. या काळात मला असे दिसून आले की, जागा बहुधा विशेष शाळेच्या दाराशी गेल्यावर जात नाही. त्याआधी दोन-तीन वर्षे घरात आणि गावच्या शाळेत मुलाविषयी कोणी काही लिहूनच ठेवलेले नसते, आणि जागा जाते ती तेथेच.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या मनातले ओळखणे, खेळात सामील होणे या गोष्टी इतर मुलांना आपसूक येतात. स्वमग्न मुलाला त्या येत नाहीत, शिकवाव्या लागतात. एकच कृती पुनःपुन्हा करणे, नित्यक्रमात बदल झाल्यास कासावीस होणे, आवाज, उजेड वा कपड्याचा स्पर्श यांचा विलक्षण त्रास होणे, हीही तिची लक्षणे होत. काही मुले मुळीच बोलत नाहीत. काही भरपूर बोलतात, पण त्यांचे बोलणे समोरच्याला लागू पडत नाही. काहींची बुद्धी मंद असते, काहींची उत्तम असते. हा रोग नव्हे, म्हणून त्यावर ‘बरे करणारे’ औषधही नाही. गंडेदोरे, महागडी पथ्ये आणि परगावच्या जाहिराती यांवर आपल्या भागातील कुटुंबे दागिने मोडून पैसे घालवितात, हे मी पाहिले आहे. तो पैसा बसभाड्यासाठी ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे प्रमाण धरले तर हजार वस्तीच्या गावात अशा सात-आठ व्यक्ती असावयास हव्यात. आपल्या गावात त्या ‘नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर त्या असूनही कोणी ओळखलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. गप्प बसणारी मुलगी ‘शहाणी’ ठरते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आणखी एक गोष्ट येथे जमलेल्या सासरे-सासवांसाठी मुद्दाम सांगते. या अवस्थेचे वर्णन लिओ कॅनर या वैद्याने १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढे काही काळ तिकडच्या मोठमोठ्या विद्वानांनीही आईच्या थंडपणामुळे मूल असे होते असे मत मांडले आणि हजारो मातांना विनाकारण दोषी ठरविले. ते मत केव्हाच खोटे ठरले आहे. आपल्याकडे मात्र सुनेच्या वाट्याला ते बोलणे अजून येते. ज्या घरात दोष कोणाचा यावर दोन वर्षे जातात, त्या घरातील मुलाची तपासणीही दोन वर्षे मागे पडते.

आता कागदाकडे वळते. या प्रकरणातील पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद अंगणवाडी सेविकेने अथवा प्राथमिक शिक्षकाने लिहावयाचा असतो. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. शंभर पानी वही आणि रोजची पाच मिनिटे लागतात. पानाचे तीन रकाने पाडावेत. पहिल्यात आधी काय घडले, दुसऱ्यात मुलाने काय केले, तिसऱ्यात त्यानंतर काय झाले, असे दिनांकासह लिहावे. ‘मूल हट्टी आहे, ऐकत नाही’ असा शेरा कोणाच्याही उपयोगाचा नाही. ‘मधल्या सुट्टीची घंटा होताच कान झाकून वर्गाबाहेर धावला, वडाच्या पारावर दहा मिनिटे डुलत बसला, घंटा थांबल्यावर स्वतः परत आला’, असे लिहिले तर तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाला त्यात अर्धे निदान सापडते आणि विशेष शाळेला मुलासाठी काय करावे लागेल तेही कळते. नावाने हाक मारल्यावर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवितो का की मोठ्यांचा हात धरून तेथवर नेतो, शौचाचे सांगतो का, दुखले तर कसे कळवितो, काय केल्याने शांत होतो, या पाच-सात गोष्टी दोन महिने नोंदल्या तरी पुष्कळ झाले. मूल काय करू शकते तेही लिहावे. नुसत्या उणिवांची यादी वाचून कोणत्याही शाळेस मूल नकोसे वाटते, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

ही वही किती उपयोगी पडते, याची एक हकिकत सांगते. नावगाव सांगत नाही. एक आठ वर्षांचा मुलगा होता. बोलणे चार-पाच शब्दांचे. काजूच्या हंगामात घरी बिया आल्या की तासन् तास आकारमानाने त्यांच्या रांगा लावी. कोणी रांग मोडली तर भिंतीवर डोके आपटून घेई. पहिलीत त्याचे नाव घातले गेले. सहा महिन्यांत शिक्षक कंटाळले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. चाळीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटे एकाच मुलामागे जाऊ लागली, तर कोणीही कंटाळेल. त्यांनी आईला सांगितले, “घरी ठेवा, हजेरी आम्ही लावू. उगाच नाव कमी व्हायला नको.” आईने हे उपकार मानले. दोन वर्षे मूल घरी आणि हजेरीपत्रकात रोज उपस्थित. प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’. पुढे बाप विशेष शाळेत अर्ज घेऊन गेला तेव्हा तेथील बाईंनी प्रगतिपुस्तक पाहून साहजिकच विचारले, “हा तर गावच्या शाळेत नियमित जातो आहे, चांगला चालला आहे. मग जागेची निकड त्याला की दुसऱ्याला?” दया म्हणून लावलेल्या त्या हजेरीने मुलाच्या अडचणीचा सारा पुरावा पुसून टाकला होता.

सुदैवाने त्याच वर्षी शाळेत नव्या शिक्षिका बदलून आल्या. त्यांनी मुलाला रोज दोन तास वर्गात बसविण्यास सुरुवात केली आणि वही ठेवली. दोन महिन्यांच्या त्या नोंदींवर तपासणी झाली, दाखला मिळाला, नवा अर्ज गेला. अर्जापासून जागा मिळेपर्यंत अकरा महिने लागले. ते कसे गेले ते पुढे सांगते.

शिक्षकबंधूंना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, न आलेल्या मुलाची हजेरी लावू नका. मूल दोनच तास बसत असेल तर दोन तास बसते असे लिहा. खरी नोंद त्याच्या उपयोगी पडते. खोट्या नोंदीने तात्पुरती सोय होते ती केवळ आपली.

वही सुरू असतानाच मुलाची श्रवणतपासणी करून घ्यावी. हाकेला न वळणारे मूल बहिरेही असू शकते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणीस येतात. विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीचाच भाग आहे. पथक यावयाच्या दिवशी असे मूल घरी राहता कामा नये. गडबड करील म्हणून नेमके त्यालाच त्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितले जाते!

त्यानंतर येतो तो दिव्यांगत्वाचा दाखला. याचा इतिहास थोडा जाणून घेतला म्हणजे जुन्या कागदांतील घोटाळे उलगडतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी पुष्कळ स्वमग्न मुलांना मतिमंदत्वाचा दाखला देऊन वाटेला लावले जाई. कोणाच्या घरी तसा जुना दाखला असेल तर फेरतपासणी करून घ्यावी, कारण प्रकार चुकला की शाळा चुकते आणि शिकविण्याची पद्धतही चुकते.

दाखल्यासाठी अर्ज आता स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावरून करावा लागतो. पंचायतीत वा नागरी सेवा केंद्रात कोणीही तो भरून देऊ शकेल. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखला देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्याकडे जी भारतीय मूल्यमापन श्रेणी वापरली जाते, ती सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत सिद्ध झालेली आहे. तीत सहा विभागांत चाळीस बाबी असून प्रत्येकीस एक ते पाच गुण देतात. सत्तरच्या खाली गुण आल्यास स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. सत्तर गुणांस ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण विशेष शाळेतील मोफत शिक्षणाचा हक्क किमान ४० टक्क्यांपासून सुरू होतो. टक्के म्हणजे बुद्धीचे माप नव्हे, हेही घरच्यांना समजावून सांगावे. ‘नव्वद टक्के’ ऐकून एका आजोबांना नातू वर्गात पहिला आल्यासारखे वाटले होते, तर दुसऱ्या घरी त्याच आकड्याने तीन दिवस चूल पेटली नाही.

या तपासणीत पुष्कळसे गुण पालकांच्या सांगण्यावरून ठरतात. आपल्याकडील माता तपासणीच्या दिवशी मुलाला नवे कपडे घालून, दहा वेळा बजावून नेतात आणि विचारल्यास सांगतात, “तसा काही त्रास नाही हो त्याचा.” लाजेपोटी झाकलेली ही अडचण पुढे दाखल्यातही झाकलेलीच राहते. मूल घरी एरवी जसे वागते तसे सांगावे, कठीण दिवसाचेही सांगावे. वही सोबत न्यावी. प्रश्न इंग्रजीतून किंवा हिंदीतून विचारले जात असतील आणि ते कळत नसतील तर मराठीतून वा कोंकणीतून विचारण्याची विनंती करावी. त्यात भीड धरू नये. निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते.

सीमाभागातील मंडळींसाठी एक सूचना. हा दाखला देशभर वैध असतो. खानापुराहून नोकरीनिमित्त वाळपईला आलेल्या कुटुंबाला कर्नाटकातील दाखला टाकून नव्याने सारे करावे लागेल असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये. मूळ कायदाही केंद्राचाच असल्याने बेळगाव, इंदूर वा वडोदरा येथील आपल्या नातलगांनाही मी सांगते आहे त्यातील बहुतेक भाग लागू पडतो. कार्यालयांची नावे तेवढी बदलतील.

आता हक्क नेमका कोणता ते पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास परिसरातील शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. ‘आधी दाखला आणा, मग नाव घालू’ असे गावच्या शाळेला म्हणता येणार नाही. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाचे नाव काढूनही टाकता येत नाही. त्यापुढे जाऊन २०१६ च्या कायद्याचे कलम ३१ सांगते की, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. या कलमातील ‘पसंती’ हा शब्द अतिशय महत्त्वाचा आहे. विशेष शाळेत घाला म्हणून गावच्या शाळेने मुलाला घालवून देणे जसे बेकायदेशीर, तसेच सर्वसमावेशक शिक्षणाचे धोरण आहे म्हणून विशेष शाळेची वाट बंद आहे असे पालकांना सांगणेही कायद्यास धरून नाही.

मग पसंती कशी करावी? याबाबत माझे मत काहींना रुचणार नाही. विशेष शाळा प्रत्येक स्वमग्न मुलासाठी नाही. ज्या मुलाला बोलता येते, जे गोंगाट थोडाफार सोसू शकते, ज्याच्या वर्गात एखादी समजूतदार शिक्षिका आहे, ते गावातच आपल्या भावंडांसोबत शिकलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले आणि जवळपासच्या शाळांनी मिळून फिरता विशेष शिक्षक घेण्याचा मार्गही दाखविला. त्या शिक्षकाची मागणी करणे हाही एक मार्ग आहे आणि पुष्कळांना तोच पुरेसा ठरेल. परंतु जे मूल आपल्याला काय हवे, काय दुखते हे कोणालाच सांगू शकत नाही, जे स्वतःला इजा करून घेते, ज्याला शौच, जेवण, कपडे यांचेच शिक्षण आधी हवे, त्याला चाळीस मुलांच्या वर्गात बसवून ‘समावेश’ झाला असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याला काही वर्षे तरी लहान वर्ग, ठरलेला क्रम आणि प्रशिक्षित हात लागतात.

शाळा पाहावयास आईवडील दोघांनीही जावे. आपल्या राज्यात पर्वरीचे संजय स्कूल, लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळा अशी ठिकाणे आहेत. अन्यत्र खाजगीही आहेत. इमारत पाहून भुलू नये. संस्थेची नोंदणी आहे का, शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, एका शिक्षकाकडे किती मुले आहेत, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा लिहिलेला असतो का आणि तो पालकांना दाखवितात का, हे विचारावे. न बोलणाऱ्या मुलांशी संवाद कसा करतात ते प्रत्यक्ष पाहावे. भिंतीवर चित्रे असतील आणि मुले ती वापरीत असतील तर शुभलक्षण समजावे. पालकांना वर्गाच्या दारात उभेही राहू न देणाऱ्या शाळेपासून दूर राहिलेले चांगले.

आता अर्ज. तो लेखीच करावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्यावा. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी. मराठीतून लिहिलेला अर्ज आपल्याकडे चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीचाही शासकीय वापर मान्य केलेला आहे. अर्जात मुलाचे वय, दाखल्याचा क्रमांक व टक्केवारी, सध्याची शाळा, तेथे कोणती अडचण येते, कोणत्या साहाय्याची गरज आहे आणि कलम ३१ प्रमाणे विशेष शाळेची पसंती केली आहे, एवढे स्पष्ट असावे. सोबत वहीतील निवडक पाने, शिक्षकाचे पत्र व श्रवणतपासणीचा अहवाल जोडावा. कहाणी लांबवू नये. दोन पाने पुरेत.

मघाच्या मुलाच्या वडिलांना पहिल्या वेळी मिळालेले उत्तर होते, “जागा नाही, पुढच्या वर्षी बघू.” हे उत्तर तोंडी होते. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, तक्रार करता येत नाही, तो दिला गेला हेसुद्धा सिद्ध करता येत नाही. किती बाप अशा एका वाक्यावर घरी परत गेले असतील याची गणती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आमच्या सांगण्यावरून त्यांनी दुसऱ्या दिवशी एक चार ओळींचे पत्र दिले. अमुक तारखेला जागा नाही असे आपण सांगितले. कृपया तसे कारणासह लेखी कळवावे आणि प्रतीक्षायादीतील क्रमांक द्यावा. महिनाभर उत्तर आले नाही. तेव्हा माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि प्रतीक्षायादी कोणत्या क्रमाने लावली जाते, असा अर्ज दिला. त्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तरावरून प्रतीक्षायादी अशी काही ठेवलेलीच नव्हती असे निघाले. मग प्रकरण राज्य दिव्यांग आयुक्तांकडे गेले. आयुक्तांना चौकशीचे आणि त्यासाठी साक्षीदार व कागदपत्रे बोलाविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवावयाचे असते. तक्रारीस वकील लागला नाही, शुल्क लागले नाही. मात्र प्रत्येक वेळी शिक्का मारलेल्या प्रती लागल्या, आणि त्या बापाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या होत्या म्हणून पुढचे पाऊल टाकता आले.

अधिकारीवर्गास एक विनंती करते. जागा खरोखरच नसते, हे मलाही ठाऊक आहे. शिक्षक कमी, खोल्या कमी, आणि मागणी दरवर्षी वाढती. अशा वेळी नकार लेखी देणे आपल्याला गैरसोयीचे वाटते. परंतु दहा लेखी नकार एकत्र झाले की वरच्या कार्यालयाकडे नव्या वर्गाची मागणी करावयास आधार मिळतो. तोंडी नकारांनी आपल्या तालुक्याची गरज शून्यच दिसत राहते आणि अंदाजपत्रकात शून्याला काही मिळत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत दिव्यांग मुलांच्या प्रवेशाची प्रकरणे पाहण्यासाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात एक अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्यांचे नाव व दूरध्वनी प्रत्येक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावला तरी अर्ध्या फेऱ्या वाचतील. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी दिव्यांग मुलांची पाहणी करावयाची असते. त्या पाहणीत घरी बसलेली मुले सुटू नयेत यासाठी पंचायत सदस्यांनी आपापल्या वाड्यावर फिरून यादी द्यावी.

जागा मिळाली तरी शाळेत पोचावयाचे कसे हा प्रश्न उरतोच. सत्तरीच्या टोकाच्या गावातून दोन बसगाड्या बदलून रोज न्यावयाचे म्हणजे आईचा सारा दिवस गेला, आणि तिची मजुरीही गेली. मला माहीत असलेली किमान पाच मुले जागा मिळूनही या एका कारणाने घरी परतली. कायद्याच्या कलम १६ मध्ये दिव्यांग मुलांसाठी, आणि अधिक साहाय्य लागणाऱ्या मुलांच्या सोबत्यासाठीही, वाहतुकीची सोय करावी असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेतही प्रवास व सोबती यांच्या भत्त्यांची तरतूद आहे. ही मागणी प्रवेशाच्या अर्जासोबतच करावी. नंतर करू म्हटले की पहिलाच पावसाळा आडवा येतो. स्वमग्न मुलाला बसची ओळख करून द्यावी लागते हेही ध्यानात ठेवावे. शाळा सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस त्याच बसने, त्याच वेळी, नुसते जाऊन परत यावे. कंडक्टरला मुलाविषयी दोन शब्द सांगून ठेवावेत. आमच्या मार्गावरील कदंबच्या एका कंडक्टरांनी एका मुलासाठी खिडकीजवळची एकच जागा वर्षभर राखून ठेवली होती. ती जागा गेली असती तर तो मुलगा बसमध्ये चढलाच नसता.

गावच्या शाळेने मूल विशेष शाळेत गेल्यावर त्याचा विसर पाडून घेऊ नये. मघाचा मुलगा आता चित्रांची पट्टी गळ्यात बाळगतो आणि पाणी, भूक, दुखते, नको, घरी अशी सोळा चित्रे दाखवून आपले म्हणणे कळवितो. डोके आपटणे पुष्कळ कमी झाले आहे. दर शनिवारी तो दोन तास गावच्या शाळेत येऊन बसतो, कारण पुढेमागे त्याला याच गावात राहावयाचे आहे आणि तेथील मुलांना ती सोळा चित्रे वाचता आली पाहिजेत. बाईंनी त्या चित्रांचा एक तक्ता वर्गात लावला आहे. पहिलीतील मुले तो वाचावयास सर्वांत आधी शिकली.

अठरा वर्षांनंतर काय, हा प्रश्न मला प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मिळविण्याची आणि निरामय आरोग्य विम्याची तरतूद आहे. त्या विम्याची मर्यादा एक लाख रुपयांची असून त्यासाठी अठरा वर्षे होण्याची वाट पाहावी लागत नाही. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे; आज वेळ नाही.

मेळावा संपल्यावर मी शाळेच्या पडवीत बसणार आहे. ज्यांनी मुलांचे कागद सोबत आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे. ज्यांच्याकडे काहीच कागद नसतील त्यांनीही यावे. पहिल्या पानाचे तीन रकाने आपण तेथेच आखू.